आमची रोपवाटिका गूगलपासून वाचवणाऱ्या साहेबांस

मु. पो. टेंभुर्णी, ता. माढा, जि. सोलापूर

मा. वेबसाईटवाले साहेब यांस,



पत्रास कारण की, आपण आमच्या दाजींच्या डाळिंब रोपवाटिकेची जी वेबसाईट बनवून दिलीत, ती इतकी सुरक्षित निघाली की गूगलवरून एकही गिऱ्हाईक तिच्यापर्यंत पोचू शकलं नाही. अशा कामगिरीबद्दल जाहीर आभार मानलेच पाहिजेत, असं घरात सगळ्यांचं मत पडलं. दाजींचं मत थोडं वेगळं होतं, पण ते छापण्याजोगं नाही. आपलं नाव मी इथे लिहीत नाही. आपणही आमचं नाव गूगलला कळू दिलं नाहीत, फिटंफाट.

वाचकांसाठी थोडी हकिकत सांगतो. गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद केली की त्यासोबत एकपानी वेबसाईट फुकट मिळायची. पत्ता, फोन, चार फोटो, बस्स. दाजींचं काम त्यावर बरं चाललं होतं. मार्च २०२४ मध्ये गूगलने ती सोय बंद केली आणि खेडोपाडीच्या असंख्य दुकानदारांची पानं एका फटक्यात गेली. अशा वेळी माणूस कुणाकडे जाणार? जिथे फ्लेक्स, लग्नपत्रिका, पॅन कार्ड आणि सातबारा एकाच टेबलावर मिळतो, तिथे. म्हणजे आपल्याकडे. आपण म्हणालात, "मालक, फुकटची साईट गेली ते बरंच झालं, आता डायनॅमिक करू." दाजींना डायनॅमिक म्हणजे काय ते कळलं नाही, पण आवाजात दम होता. पाडव्याच्या मुहूर्तावर लॅपटॉपला हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. आपण निम्म्याहून जास्त पैसे आगाऊ घेतले होते, उरलेले त्याच दिवशी घेतलेत.

आता टेंभुर्णी हे वाटेवरचं गाव. पुणे-सोलापूर महामार्ग इथूनच जातो. पंढरपूरची वाट इथे फुटते, कुर्डुवाडी-बार्शीची फुटते, करमाळ्याची फुटते, अकलूजची फुटते. पाठीशी उजनी धरणाचं पाणी, समोर ऊस, केळी, डाळिंब. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेस पडणं ही इथल्या धंद्याची पहिली अट, आणि ती चहाच्या गाड्यावाल्यालाही कळते. हल्ली येणारा-जाणारा रस्त्यावरच्या पाटीआधी हातातल्या मोबाईलमध्ये बघतो. सांगोल्याचा, इंदापूरचा, कधी तर राजस्थानचा शेतकरी भगवा जातीच्या डाळिंबाची गुटी कलमं कुठे मिळतील ते आधी गूगलवर शोधतो, मग फोन करतो, मग गाडी काढतो. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र याच जिल्ह्यात आहे. एवढं सगळं असून पावसाळ्यात, ऐन लागवडीच्या दिवसांत, 'टेंभुर्णी डाळिंब रोपवाटिका' असं शोधलं की बाकी सगळ्या तालुक्यांतल्या रोपवाटिका हजर, आणि आमची तेवढी गैरहजर.

आपल्याला विचारलं, तर आपण शांतपणे म्हणालात, "गूगलला टाईम लागतो." पुन्हा विचारलं, तर म्हणालात, "एसईओचं पॅकेज वेगळं असतं." या दोन वाक्यांवर आपला संसार चालतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पहिल्या वाक्यात थोडं तथ्य आहे. नव्या साईटची दखल घ्यायला गूगलला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. पण त्याला सक्त मनाई केली असेल तर युगंही कमीच पडतील.

मी संगणकाच्या क्लासवर शिकवणारा माणूस. दाजींच्या पानावर गेलो, कंट्रोल आणि यू या कळा एकत्र दाबल्या. पानामागचा कोड उघडा पडला. वरच्याच भागात, माणसाच्या नजरेस न पडणारी, यंत्राने वाचायची एक ओळ होती: 'रोबोट्स' नावाचा मेटा टॅग आणि त्याच्यापुढे 'नोइंडेक्स'. हे पान तुमच्या यादीत घेऊ नका, असा गूगलला स्पष्ट हुकूम. गूगलबद्दल लोक काहीही म्हणोत, या एका बाबतीत त्याच्याइतका आज्ञाधारक नोकर मिळायचा नाही. तो आला, त्याने ओळ वाचली आणि आल्या पावली परत गेला.

ही ओळ कुठून आली, हे आपल्यासारख्या अनुभवी माणसाला सांगायला नको. पण आपण विसरला असाल म्हणून सांगतो. ही साईट ज्यावर उभी आहे त्या वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये 'रीडिंग' नावाचं पान आहे. तिथे अगदी खाली एक चौकट आहे, सर्च इंजिनांना ही साईट नोंदवू नका असं सुचवणारी. साईट अर्धवट असते तेव्हा कारागीर त्या चौकटीत खूण करतात, काम संपलं की काढतात. आपण या पद्धतीचा पूर्वार्ध अगदी काटेकोर पाळलात. नोव्हेंबर २०१९ मध्ये आलेल्या ५.३ आवृत्तीपासून ती खूण थेट हा नोइंडेक्स टॅग पानात घालते. म्हणजे खूण एक, परिणाम प्रत्येक पानावर. दाजींचा अख्खा हंगाम एका बोटाच्या एका टिचकीवर अडला होता, आणि ती टिचकी मारायला आपल्याला सवड झाली नाही.

हे मी आपल्या कानावर घातलं, तेव्हा आपण दिलदारपणे खूण काढलीत. त्याबद्दल शंका नको, मी स्वतः कोड पाहिला, टॅग गेला होता. पण जाता जाता "थोडी सिक्युरिटी टाकतो" म्हणून साईटच्या मुळाशी रोबोट्स नावाची एक मजकुराची फाईल ठेवून गेलात. साहेब, त्या फाईलचा इतिहास मोठा आहे. मार्टाइन कोस्टर नावाच्या गृहस्थाने १९९४ मध्ये ही रीत सुचवली, यंत्रांनी कुठे यावं आणि कुठे येऊ नये ते साध्या शब्दांत लिहून ठेवायची. जवळजवळ तीन दशकं ती केवळ शिष्टाचार म्हणून पाळली गेली आणि २०२२ मध्ये तिला रीतसर इंटरनेट मानकाचं रूप मिळालं. त्यात 'डिसअलाऊ' असं लिहून पुढे काहीच लिहिलं नाही, तर सगळं मोकळं. पुढे नुसती एक तिरकी रेघ मारली, तर सगळं बंद. आपण रेघ मारलीत.

म्हणजे आता स्थिती अशी झाली की आतल्या खोलीतली 'येऊ नका' ही पाटी आपण काढलीत आणि वाड्याच्या दिंडी दरवाजाला कुलूप घातलंत. पाटी निघाली आहे, हे बघायला गूगलने आत यायचं कसं? पान वाचल्याशिवाय टॅग गेल्याचं कळत नाही आणि रोबोट्सची फाईल पान वाचू देत नाही. फार तर एखाद दिवशी वर्णनाविना नुसता कोरडा पत्ता शोधात दिसला असता. या दोन गोष्टींची गल्लत जगभर होते. कित्येक जण तर रोबोट्सच्या फाईलमध्येच नोइंडेक्स लिहायचे. १ सप्टेंबर २०१९ पासून तसं लिहिलेलं आम्ही पाळणार नाही, असं गूगलला जाहीर करावं लागलं. पण दोन्ही कुलपं पाठोपाठ, तीही दुरुस्ती म्हणून लावण्याची कल्पना मात्र आपलीच.

आपल्याला एकटं वाटू नये म्हणून सांगतो, या तिरक्या रेघेने खुद्द गूगललाही पाणी पाजलं आहे. ३१ जानेवारी २००९ रोजी धोकादायक साईटींच्या त्यांच्या यादीत कुणाच्या तरी हातून नुसती ती रेघ एक नोंद म्हणून गेली. रेघ जगातल्या प्रत्येक पत्त्यात असते. झालं, गूगल प्रत्येक साईटीला, अगदी स्वतःच्याही, 'ही साईट तुमच्या संगणकाला अपाय करू शकते' असं लेबल लावू लागलं. फरक इतकाच की तासाभराच्या आत त्यांनी चूक शोधली, दुरुस्त केली आणि माणसाच्या हातून झालेली चूक आहे असं जाहीरपणे लिहिलं. 'एरर फिक्सिंगचं पॅकेज वेगळं असतं' असं ते म्हणाले नाहीत.

आमच्या फाईलमधली रेघ काढली. मग मी गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये साईटची नोंद केली. हे साधन फुकट आहे, पूर्वी त्याचं नाव वेबमास्टर टूल्स होतं, आणि आपलं कुठलं पान गूगलने घेतलं, कुठलं का नाकारलं, ते त्यात कारणासकट लिहिलेलं असतं. आपण त्याचं नाव आमच्यापुढे कधी काढलं नाहीत. आमच्या डोक्याला ताप नको, एवढाच त्यामागचा हेतू असणार. तिथे कळलं की गूगल आता आत येतो आहे, पण आमची पानं दुसऱ्याच कुणाची तरी नक्कल आहेत असं समजतो आहे.

कारण प्रत्येक पानावर 'कॅनॉनिकल' नावाची ओळ होती. एकच मजकूर अनेक पत्त्यांवर असेल तर त्यातला खरा पत्ता कोणता, हे सांगायला गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी फेब्रुवारी २००९ मध्ये मिळून आणलेली ही सोय. आमच्या सगळ्या पानांवर खरा पत्ता म्हणून एका मंगल कार्यालयाच्या साईटीचा पत्ता होता! आपण ती साईट आधी केली असणार, तीच उचलून रंग बदललेत, फोटो बदललेत, कार्यालयाच्या जागी रोपवाटिका लिहिलंत आणि ही ओळ राहून गेली. ही ओळ म्हणजे हुकूम नव्हे, शिफारस असते, त्यामुळे गूगल ती नाकारूही शकतो. पण सगळीच पानं एका सुरात तेच सांगू लागली तर त्या बिचाऱ्याने काय समजावं? शिवाय प्रत्येक पानाचं शीर्षक, म्हणजे शोधात निळ्या अक्षरांत दिसतं ते, नुसतं 'होम' असं होतं. रोपांच्या जातींचं पान 'होम', संपर्काचं पान 'होम'. एक पान मात्र वेगळं होतं, त्याचं शीर्षक 'सॅम्पल पेज'. ते वर्डप्रेसने स्वतः दिलेलं असतं.

याउलट जिथे काही करायची गरज नव्हती तिथे आपण फार कष्ट घेतलेत. 'कीवर्ड्स'च्या टॅगमध्ये डाळिंब, भगवा, नर्सरी, रोपे यांच्यापासून पुणे, मुंबई, नाशिक, दुबईपर्यंत अख्खा भूगोल भरलात. क्रमवारीसाठी आम्ही हा टॅग वापरत नाही, असं गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर सांगितलं आहे. ते वाचायला सवड झाली नसेल. पण त्याच शब्दांची माळ आपण पानाच्या तळाशी पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत ओवलीत, ती मात्र फुकट जाणारी नव्हती, अंगाशी येणारी होती. माणसाला एक आणि यंत्राला दुसरं दाखवण्याच्या प्रकाराची गूगलला जुनी चीड आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये बीएमडब्ल्यूच्या जर्मन साईटीने असाच खेळ केला, यंत्रासाठी शब्दांनी ठासलेली पानं आणि माणसासाठी वेगळी. गूगलने तिला यादीतून काढूनच टाकलं. पानं हटवल्यावर काही दिवसांनी परत घेतलं. बीएमडब्ल्यूची गत ती झाली, तिथे आमची गुटी कलमं कोण विचारतो?

इथपर्यंतचं सगळं मी आपल्या घाईवर ढकललं असतं. पण पुढचा प्रकार घाईचा नाही, तो आमच्या भाषेच्या मुळावर येणारा आहे आणि तो फक्त आपल्याकडे घडतो असंही नाही.

वेबसाईटवरचा मराठी मजकूर डोळ्यांना छान दिसत होता. ठळक, वळणदार. तो मी निवडला, कॉपी केला आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवला. आला काय, तर कंस, आकडे, डॉलरची खूण आणि मधेच रोमन अक्षरं. लपवलेले शब्द सोडले तर 'डाळिंब' हा शब्द त्या साईटीवर कुठेच नव्हता! आपण दाजींच्या फ्लेक्सची फाईल उघडलीत, त्यातला जुन्या डीटीपी फाँटमधला मजकूर उचललात, साईटीवर टाकलात, आणि तो नीट दिसावा म्हणून तो फाँटही साईटीवर चढवलात. असल्या फाँटात संगणकाच्या पोटात रोमन चिन्हंच असतात. फाँट त्यांना वरून मराठी रूप देतो. प्रत्येक फाँटची जुळणी निराळी. छापखान्यात याने काही बिघडत नाही, कागदावर रूपच उमटतं. त्या फाँटांनी मराठी छपाईची वर्षानुवर्षं सेवा केली आहे. पण गूगल रूप बघत नाही, पोट बघतो. त्याच्या लेखी आपण एक निरर्थक चिन्हांची साईट बनवलीत, फोटो मात्र डाळिंबाचे.

साहेब, ही चूक मराठीने एकदा फार मोठ्या प्रमाणावर भोगली आहे. भारतीय भाषा संगणकावर आणणारी सीडॅक ही संस्था पुण्यात स्थापन झाली १९८८ मध्ये. भारतीय लिपींसाठी इस्की नावाची संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक झाली आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी आली, तीही इस्कीच्या आधीच्या मसुद्यावर बेतलेली. म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देण्याची सोय तेव्हापासून कागदोपत्री होती. तरी या शतकाच्या सुरुवातीला मराठी वर्तमानपत्रं इंटरनेटवर आली ती आपापले फाँट घेऊन. एका पेपरचा फाँट उतरवून घेतला तर दुसरा पेपर वाचता येत नसे. हळूहळू सगळे युनिकोडवर आले, पण आधीच्या काळातला जो मजकूर रूपांतर न होता राहिला, तो शोधाच्या दृष्टीने नसल्यातच जमा. त्या वर्षांत अवर्षण झालं असेल, निवडणुका झाल्या असतील, उजनी भरली असेल, आटली असेल. बातमी छापली गेली, साईटीवर चढली, आणि आज मराठीत शोधलं तर सापडत नाही. ज्याला तो काळ माहीत आहे, तो माणूस आज फ्लेक्सची फाईल साईटीवर चिकटवताना दहादा विचार करेल. माहीत नसेल तर निदान कॉपी-पेस्ट करून बघेल. हे दोन्ही न करणारा माणूस मी आपल्या रूपाने पाहिला.

दरपत्रकाचं तर आपण फाँटचं दुखणंही ठेवलं नाहीत, त्याचा सरळ फोटो काढून टाकलात. त्या फोटोला वर्णनाचा मजकूरही दिला नाहीत. पत्ता 'टेंभुर्णी' एवढाच. टेंभुर्णी जालना जिल्ह्यातही आहे, जाफराबाद तालुक्यात. तालुका-जिल्ह्याशिवाय नुसतं नाव टाकल्यावर यंत्राने कुठली धरायची? पत्ता, फोन, वेळ यंत्राला कळेल अशा साच्यात मांडायची एक सामाईक पद्धत गूगल, बिंग आणि याहू यांनी २०११ मध्येच सुरू केली आहे. आणि शेतकरी बांधावर उभं राहून 'डाळिंब रोपे' असं देवनागरीत टाईप करतो, तसंच रोमन अक्षरांतही करतो, 'रोपवाटिका' म्हणतो तसं 'नर्सरी'ही म्हणतो. हे सगळं पानावरच्या साध्या वाक्यांत सहज बसतं, पांढऱ्या अक्षरांत लपवावं लागत नाही.

मोबाईलवर साईट कशी उघडते याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण ती उघडेपर्यंत मी थोडक्यातच पाहिली. कॅमेऱ्यातून जसेच्या तसे काढलेले भलेमोठे फोटो एकामागून एक सरकत होते. पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, ही गूगलची अपेक्षा. आमच्या इथे तेवढ्यात पानावरचा गणपतीसुद्धा पुरता उमटत नव्हता. गूगल आता साईटीची मोबाईलवरची आवृत्तीच जमेस धरतो, हे आपल्याला कळवून ठेवतो.

आणि मग एके दिवशी रोपवाटिका गूगलवर आली. ढिगाने पानं आली. दाजींनी फोन करून सांगितलं, आवाजात हर्ष होता. मी गूगलमध्ये 'साईट' लिहून, विसर्गासारखी दोन टिंबं देऊन पुढे आमचा पत्ता टाकला. आमच्या नावावर जी पानं होती ती सगळी जपानी भाषेत, आणि त्यांत स्वस्तातल्या ब्रँडेड पर्सेस आणि घड्याळं विकायला होती.

झालं असं, की आपण जी थीम, म्हणजे साईटचा तयार साचा, वापरलीत ती विकतची होती, पण आपण तिची कुठून तरी फुकटची, कुलूप तोडलेली प्रत आणलीत. असल्या प्रतीत कुणीतरी आपली चोरवाट आधीच ठेवलेली असते. वर्डप्रेस अपडेट करणं आपण बंद ठेवलं होतं, कारण अपडेट केलं की "डिझाईन हलतं". हा जपानी मजकुराचा हल्ला जगभर इतका नेहमीचा आहे की गूगलने त्याच्या सफाईची स्वतंत्र माहिती लिहून ठेवली आहे. चोर नवी पानं तयार करतो. मालक बघायला गेला तर त्याला 'पान सापडलं नाही' दिसतं, गूगल गेला तर जपानी दुकान दिसतं. म्हणून आपल्या डोळ्यांवर विसंबून चालत नाही, सर्च कन्सोलमध्ये पत्ता टाकून गूगलला काय दिसतं ते पाहावं लागतं.

पण साहेब, मला त्या चोराच्या कामाचं कौतुक करू द्या. त्याने रोबोट्सची फाईल स्वतःला हवी तशी नीट लिहिली होती. साईटच्या पानांची यादी, म्हणजे साईटमॅप, गूगलला रीतसर सादर केली होती. सर्च कन्सोलमध्ये स्वतःची मालक म्हणून नोंद केली होती. प्रत्येक पानाला वेगळं शीर्षक. कॅनॉनिकल बरोबर. आणि मजकूर संपूर्ण युनिकोडमध्ये! आपण पैसे घेऊन जे केलं नाहीत, ते त्याने एक पैसा न घेता केलं. दाजी तर म्हणाले, "याचा नंबर मिळंल का? त्यालाच द्या की काम."

चोराची मालकी काढली, त्याची पडताळणीची फाईल पुसली, थीम फेकली, वर्डप्रेस नव्याने टाकलं, पासवर्ड बदलले, जपानी पत्त्यांवर 'हे पान कायमचं गेलं' असं उत्तर लावलं. सगळा मजकूर युनिकोडमध्ये नव्याने टाईप केला, तो माझ्या भाच्याने. दरपत्रक मजकुरात आणलं. आता पानं एकेक करून यादीत चढत आहेत. जपानी नावं मात्र पूर्ण उतरायला वेळ घेतील. 'गूगलला टाईम लागतो', हे आपलं वाक्य इथे पहिल्यांदाच खरं ठरतं आहे.

एक काम मात्र माझ्या हातात नाही. साईटचं नाव, म्हणजे डोमेन, आपण दाजींच्या पैशांनी स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर घेतलंत. नूतनीकरणाची सूचना आपल्याला येते. आपण लक्ष दिलं नाहीत तर मुदत संपेल, नाव सुटेल आणि कुणीही ते उचलेल. हे सगळं केलेलं पुन्हा मातीत.

टेंभुर्णीतल्या, माढ्या-करमाळ्यातल्या आणि एकूणच वाटेवर धंदा मांडून बसलेल्या वाचकांना माझी विनंती आहे. वेबसाईटवाल्याला शेवटचा हप्ता देण्याआधी डोमेन आपल्या नावावर आणि आपल्या ईमेलवर आहे का ते बघा. सर्च कन्सोलची मालकी मागून घ्या. पानावरचं एक मराठी वाक्य उचलून व्हॉट्सॲपवर टाका. मराठी आलं तर ठीक, डॉलर आले तर पैसे देऊ नका. कंट्रोल-यू दाबून नोइंडेक्स हा शब्द शोधा. यातल्या कशालाही इंजिनिअर लागत नाही, शाळेत जाणारं पोर पुरतं.

आणि साहेब, आपल्याकडे मागणं एकच. डोमेनचं कुलूप काढून त्याचा ट्रान्सफर कोड येत्या आषाढी एकादशीच्या आत दाजींच्या नंबरवर पाठवावा. वारीच्या दिवसांत या रस्त्याने माणसांचा पूर लोटतो, आणि तेव्हा साईट आमच्याच ताब्यात असलेली बरी. कोड पाठवताना सोबत कुठल्याही पॅकेजची माहिती पाठवू नये.

कळावे. लोभ आहे तेवढा पुरे.

आपला,
रोपवाटिकेच्या मालकांचा मेव्हणा